घाटावरचा जिल्हा

(नभोवाणीवरील भाषण)



जिल्हा म्हटला म्हणजे कलेक्टरांची कचेरी, तालुक्यांची यादी आणि नकाशावरची एक वांकडी रेघ एवढेंच बहुधा आपल्या डोळ्यांपुढें येतें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शाळामास्तर आहें. छत्तीस वर्षें मीं मुलांना भूगोल शिकविला आणि त्या अवधींत धाराशिव जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर इतक्या वेळां काढला, कीं आज डोळे मिटूनही त्याची हद्द मला काढतां येईल. परंतु ती काढतांना दर वेळीं एक प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नसे. ही रेघ येथें कां वळली? ती डोंगरानें वळविली, नदीनें वळविली, कीं कोणा राज्यकर्त्याच्या लेखणीनें? या एका प्रश्नाचें उत्तर शोधीत गेलें, म्हणजे या जिल्ह्याचा बराच इतिहास हातीं लागतो. तोच आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम भूमीकडे पाहूं. सह्याद्रीपासून फुटून आग्नेयीकडे गेलेली बालाघाटाची डोंगररांग या जिल्ह्यांतून जाते. 'बाला' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ वरचा. घाटावरचा मुलूख तो बालाघाट. सह्याद्रीच्या कड्यांची संवय असलेला मनुष्य ही रांग पाहून कदाचित् हंसेल; कारण येथें गगनाला भिडणारे सुळके नाहींत, कीं दाट अरण्यें नाहींत. समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीचें हें पठार. माथा सपाट, माती थोडी आणि मुरूम फार. काळी जमीन आहे ती नद्यांच्या कांठीं. पण सोलापुराहून तुळजापुरास येणारी मोटार शेवटचा घाट चढूं लागली, किंवा बार्शीहून निघालेली गाडी येडशीच्या चढणीस लागली, म्हणजे प्रवाशास उमगतें कीं आपण घराच्या एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जात आहों. तुळजाभवानीचें देऊळ या पठाराच्या कडेवरच आहे, आणि देवीच्या यात्रेकरूंनीं हा घाट जितका तुडविला आहे, तितका कोणत्याही लष्करानें तुडविला नसेल.

या माथ्याचें खरें महत्त्व त्याच्या उंचींत नाहीं. तें पाण्याच्या वांटणींत आहे. जिल्ह्याच्या उत्तर अंगानें मांजरा वाहते. मधून तेरणा निघते व पूर्वेकडे जाऊन मांजरेस मिळते. आणि मांजरा पुढें तेलंगणांत कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. पश्चिमेच्या हद्दीवर सीना आहे. भोगावती तिच्याकडे उतरते, आणि सीना सोलापूर जिल्ह्यांत हत्तरसंग-कुडल येथें भीमेस भेटते. दक्षिणेस नळदुर्गाची बोरी नदीही भीमेकडेच जाते; भीमा कृष्णेस मिळते. म्हणजे बालाघाटाच्या माथ्यावर पडलेल्या एकाच सरीचें कांहीं पाणी गोदावरीच्या वाटेनें जातें व कांहीं कृष्णेच्या वाटेनें. हें समजावून सांगत असतां एकदां चौथीच्या वर्गांतील एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, मग आपली नदी कोणती?" त्या दिवशीं मीं त्यास पुस्तकी उत्तर देऊन बसविलें. पण त्या मुलाचा प्रश्न माझ्या पुस्तकापेक्षां मोठा होता, हें मला पुढें कळलें.

अशा प्रदेशाची राज्यव्यवस्था कशी करावी, हा प्रश्न कांहीं आमच्याच वांट्यास आला आहे असें नव्हे. फ्रान्सच्या दक्षिण भागांत लोझेर नांवाचा एक डोंगराळ व शेतकऱ्यांचा जिल्हा आहे. विस्तारानें तो ५,००० चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक. वस्ती मात्र ऐंशी हजारांच्या आंत. त्याच्या डोंगरांतही पाणी असेंच वांटलें जातें. लो आणि तार्न या नद्या पश्चिमेकडे अटलांटिक महासागराची वाट धरतात, आलिए नदी उत्तरेकडे जाऊन ल्वार नदीस मिळते, आणि दुसऱ्या उतारावरचे ओढे रोन नदीच्या वाटेनें भूमध्य समुद्रास जातात. १७८९ ची राज्यक्रांति झाल्यावर फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेनें १७९० मध्यें जुने प्रांत मोडून देशाचे ८३ जिल्हे केले. ते करतांना दोन गोष्टी मनांत धरल्या होत्या. एक अशी कीं, जिल्ह्याचें नांव जुन्या प्रांताचें नसावें, तें नदीचें अगर डोंगराचें असावें. म्हणून त्या जिल्ह्यास १,६९९ मीटर उंचीच्या लोझेर पर्वताचें नांव मिळालें. दुसरी अशी कीं, कोणाही नागरिकास घोड्यावरून एका दिवसांत मुख्य ठाण्यास पोंचतां यावें, इतकाच जिल्हा मोठा असावा. पुढें १८०० सालीं नेपोलियननें प्रत्येक जिल्ह्यावर प्रीफेक्ट नांवाचा अधिकारी नेमला. तो म्हणजे आपल्याकडील कलेक्टरच.

नांव कोणाचें आणि ठाणें किती लांब, हीं दोन मापें घेऊन आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं.

या पठाराचें सर्वांत जुनें मोठें नगर म्हणजे तेर. जुन्या लेखांतलें तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली. तो ग्रंथ 'पेरिप्लस' या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत तो सांगतो कीं, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, व पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें फार मोठें शहर आहे. तेथून कापड व इतर माल गाड्यांवर लादून वाट नसलेल्या मुलुखांतून भडोचच्या बंदरास येतो. तगर म्हणजे कोणतें गांव, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला. तो १९०१ सालीं फ्लीट या संशोधकानें तेराच्या पक्षीं मिटविला. कोंकणचे शिलाहार राजे राज्य करीत समुद्रकांठीं; पण स्वतःस मोठ्या अभिमानानें 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत, म्हणजे मूळचे आम्ही तगराचे धनी. तेरणेच्या कांठचें तें तेर आज गोरोबाकाकांचें गांव म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. तेथील त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ मुळांत बौद्धांचा चैत्य होता, हें त्याच्या पाठीमागच्या गोल बांधणीवरून जाणते ओळखतात. आणि तेथें सांपडलेल्या हस्तिदंती मूर्तीचें इटलींतील पाँपेई येथें सांपडलेल्या हिंदी मूर्तीशीं फार साम्य आहे. त्या काळीं या घाटावर राज्याची हद्द नव्हती, वाट होती. तगर मोठें झालें तें वाटेवर होतें म्हणून.

मध्ययुगांत हा मुलूख वाटेचा राहिला नाहीं, सरहद्दीचा झाला. बहामनी राज्य फुटल्यावर अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या मधोमध हें पठार सांपडलें. त्याची साक्ष दोन किल्ले देतात. पश्चिमेस सखल मैदानांतला परंडा, आणि दक्षिणेस बोरी नदीच्या वळणावरचा नळदुर्ग. १६०० सालीं मोंगलांनीं अहमदनगर घेतलें, तेव्हां मलिक अंबरानें दुसऱ्या मुर्तजा निजामशहास गादीवर बसवून कांहीं काळ परंड्यासच राजधानी केली. विजापुरास आज दिसणारी 'मुलुख-मैदान' तोफ तेथें गेली ती परंड्याहूनच. नळदुर्गास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ सालीं, बोरी नदीस बंधारा घालून त्याच्या पोटांत पाणीमहाल बांधला. पावसाळ्यांत सांडव्यावरून पाणी कोसळत असतां आंत बसलेल्या माणसाच्या अंगावर थेंब पडत नाहीं, अशी ती योजना आहे. लोक ती शोभा म्हणून पाहतात. माझ्यासारख्यास तिच्यांत दुसरी गोष्ट दिसते : घाटावरचें पाणी वाहून जाणारें आहे, तें अडविल्यावांचून टिकत नाहीं, हें चारशें वर्षांपूर्वींच्या कारागिरास पुरतें कळलें होतें.

पुढें हा मुलूख मोंगलांकडून हैदराबादच्या निजामाकडे आला. त्या काळीं वसुलाचें काम बहुधा मक्त्यानें दिलें जाई. मक्तेदारानें सरकारांत ठरलेली रक्कम भरावी आणि रयतेकडून जमेल तितकें घ्यावें, असा तो प्रकार. गांवांत पाटील-कुळकर्णी, परगण्यांत देशमुख-देशपांडे. त्यांच्यावर कोण, हें मक्ता बदलेल तसें बदले.

यांत पहिला मोठा पालट १८५३ सालीं झाला. निजामाच्या दौलतीवर कंटिन्जंट फौजेच्या खर्चाचें कर्ज चढलें होतें. त्या वर्षीच्या तहानें वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख हे कंपनी सरकारच्या ताब्यांत देण्यांत आले. नळदुर्गावर अधिकारी म्हणून आले मेडोज टेलर. हे गृहस्थ वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आंतच हिंदुस्थानांत आले, निजामाच्या नोकरींत राहिले व येथील भाषा शिकले. 'ठगाची जबानी' या नांवानें मराठी वाचकांस ठाऊक असलेली ठगाची कथा त्यांचीच, आणि तुळजापूरच्या परिसरावर रचलेली 'तारा' ही कादंबरीही त्यांचीच. नळदुर्ग व तुळजापूर येथें राहून त्यांनीं जमिनीची मोजणी केली, रस्ते आंखले, कज्जे तोडले. १८५७ च्या ऐन धामधुमींत त्यांची बदली वऱ्हाडांत बुलढाण्यास झाली. पुढें १८६० सालीं धाराशिव व रायचूर दुआब निजामास परत मिळाले, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलें. सात वर्षांत या मुलुखानें दोनदां धनी बदलले. आणि दोन्ही वेळां कारण जिल्ह्यांत नव्हतें, तें हैदराबाद व कलकत्ता यांच्या हिशेबांत होतें.

खऱ्या अर्थानें 'जिल्हा' जन्मास आला तो १८६५ सालीं. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनीं मक्तेदारी मोडून जिल्हाबंदी केली. पगारी अधिकारी नेमले. जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखालीं दुय्यम व सोयम तालुकदार, तालुक्यास तहसीलदार. आणि कांहीं जिल्हे मिळून सुभा, त्यावर सुभेदार. अव्वल तालुकदार म्हणजे तालुक्याचा धनी नव्हे, जिल्ह्याचा कलेक्टर, हें जुने कागद वाचतांना ध्यानीं ठेवावें लागतें. या नव्या जिल्ह्याचें नांव नळदुर्ग, आणि ठाणेंही नळदुर्गच. पुढें मुख्य ठाणें धाराशिवास आलें. तें पठाराच्या मध्यावर असल्यामुळें सोयीचें होतें, यांत शंका नाहीं. त्याच सुमारास शहरास व जिल्ह्यास उस्मानाबाद हें नांव देण्यांत आलें. मीर उस्मान अली खान गादीवर बसले १९११ सालीं. परंतु १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरांत जिल्हा याच नांवानें आलेला आहे. म्हणजे नांव दिलें तेव्हां ते युवराज होते. फ्रेंचांचें पहिलें माप येथें लागू पडलें नाहीं : त्यांनीं जुन्या प्रांताचें नांव काढून डोंगराचें दिलें, आमच्याकडे गांवाचें काढून राजपुत्राचें दिलें.

आणि दुसरें माप? तें आमच्या घरच्या गोष्टीवरून सांगतों. आमचें मूळ गांव परंडा तालुक्यांतलें. नकाशा पाहिलात, तर परंडा आणि धाराशिव यांच्या मध्यें एक पाचर घुसलेली दिसेल. तो बार्शी तालुका. बार्शी सोलापूर जिल्ह्यांत, आणि सोलापूर जिल्हा इंग्रजांचा. म्हणजे परंड्याच्या माणसास सोप्या वाटेनें स्वतःच्या जिल्ह्याच्या ठाण्यास जावयाचें, तर प्रथम निजामाचें राज्य सोडून इंग्रजांच्या राज्यांत शिरावयाचें, बार्शीचा बाजार ओलांडावयाचा, आणि घाट चढून पुन्हां निजामाच्या राज्यांत यावयाचें. मधें करोडगिरीचें, म्हणजे जकातीचें, नाकें. निजामाचा हाली शिक्का वेगळा, इंग्रजांचा कलदार रुपया वेगळा. माझे आजोबा सांगत कीं, कचेरीच्या कामास निघालें म्हणजे कमरेच्या कशांत दोन नाणीं लागत आणि तोंडांत दोन भाषा. कारण कचेरींतला कागद उर्दू आणि बाजारांतलें बोलणें मराठी. आमच्याकडे त्यांच्या वेळचा जमिनीचा एक उर्दू कागद होता. त्यावर सन लिहिला होता १३४६. तो हिजरी नव्हे, इसवी तर नव्हेच. तो फसली सन. त्यांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो.

पुढें वडिलांस त्या जमिनीच्या नोंदीसाठीं एका कचेरींत जावें लागलें. पहिल्या खेपेस त्यांस सांगण्यांत आलें कीं, हा कागद वाचणारा आज नाहीं. दुसऱ्या खेपेस वाचणारा होता, तर दप्तर बंद होतें. काम झालें तिसऱ्या खेपेस. प्रत्येक खेपेस दोन दिवस आणि वाटखर्च. कोणी त्यांचा अपमान केला नाहीं, कोणीं लांच मागितली नाहीं. पण राज्य लांब असलें, म्हणजे तें वाईट नसतांनाही माणसास जाचतें, हें मीं तेव्हां पाहिलें.

रेल्वेचीही तीच तऱ्हा झाली. १८९७ सालीं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरानें बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. अडीच फूट रुंदीची ती छोटी गाडी प्रथम बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत येई. पुढें ती येडशीचा चढ चढून १९११ मध्यें लातुरास पोंचली. लातूरची पेठ तिनें वाढविली. परंतु जिल्ह्याचें ठाणें धाराशिव तिच्या वाटेवर नव्हतें. तेथील माणसानें येडशीस जाऊन गाडी धरावी. रूळ रुंद झाले आणि गाडी खुद्द धाराशिवास आली ती २००८ च्या सुमारास. जिल्ह्याच्या ठाण्यास गाडी येण्यास अशीं जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

१९४७ सालीं देश स्वतंत्र झाला, पण घाटावरचें स्वातंत्र्य तेरा महिने मागें राहिलें. निजामानें हिंदी संघराज्यांत येण्याचें नाकारलें. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील. आणि लातूर त्या वेळीं याच जिल्ह्यांत होतें. बार्शी-सोलापूरकडची जी हद्द पिढ्यान्‌पिढ्या अडचणीची वाटत आली, तीच त्या तेरा महिन्यांत आधाराची झाली. कारण हद्दीपलीकडे गेलेला मनुष्य सुरक्षित होई, आणि लढणाऱ्यांचीं शिबिरेंही पलीकडेच होतीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा सोलापूरकडून निघाल्या. पहिली झुंज झाली नळदुर्गास. बोरी नदीवरचा पूल उडविला जाण्यापूर्वीं त्यांनीं हस्तगत केला, आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. १७ सप्टेंबरास निजामानें शरणागति दिली. १९४९ मध्यें निजामाची खाजगी मालमत्ता असलेले सर्फ-ए-खासचे मुलूख सरकारांत विलीन झाले, जहागिरी रद्द झाल्या. आणि १९५० मध्यें मुंबई व हैदराबाद राज्यांनीं एकमेकांच्या पोटांत अडकलेल्या गांवांची अदलाबदल केली. तेव्हां कोठें नाकीं उठलीं.

त्यानंतरच्या गोष्टी आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला. १९५६ च्याच पुनर्रचनेंत बिदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर व निलंगा हे मराठी तालुके या जिल्ह्यास जोडले गेले. भाषेच्या दृष्टीनें तें न्यायाचें होतें. पण जिल्हा परंड्यापासून उदगीरपर्यंत लांबला. १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, आणि शाळा, दवाखाने, गांवरस्ते यांचा कारभार लोकांनीं निवडलेल्या माणसांकडे आला. फ्रान्सांत हें व्हावयास १९८२ साल उजाडलें. त्या वर्षीच्या कायद्यानें प्रीफेक्टच्या हातची कार्यकारी सत्ता निवडलेल्या जिल्हासभेच्या अध्यक्षाकडे गेली. या एका बाबतींत घाटावरचा शेतकरी फ्रेंच शेतकऱ्याच्या वीस वर्षें पुढें होता, हें आपण विसरूं नये.

योगायोग असा कीं, त्याच १९८२ सालीं ऑगस्ट महिन्यांत लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. मी तेव्हां नुकताच नोकरीस लागलों होतों. फळ्यावरच्या नकाशाचा पूर्वेकडचा मोठा भाग मला पुसावा लागला. पेठ गेली, साखर गेली, कॉलेजें गेलीं, असें पुष्कळ लोक हळहळून म्हणत. आज ७,५६९ चौरस किलोमीटरांचा जो जिल्हा उरला आहे, त्यांत धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, वाशी व परंडा असे आठ तालुके आहेत; २०११ च्या शिरगणतींत वस्ती १६,५७,५७६ भरली. त्यांतला लोहारा व वाशी हे मागाहून झालेले तालुके. दर वेळीं कारण एकच दिलें गेलें : ठाणें जवळ यावें. हें कारण खोटें नव्हतें. परंड्याचा मनुष्य मात्र आजही बार्शीवरूनच धाराशिवास जातो. नाकें उठलें, रेघ राहिली.

मग रेघेचा उपयोग काय, असें कोणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास जमीन हादरली. किल्लारी लातूर जिल्ह्यांतलें, सास्तूर आमच्या जिल्ह्यांतलें. दोहोंकडे दगडमातीचीं घरें एकाच क्षणीं पडलीं आणि हजारों माणसें निजल्या जागीं गेलीं. भूकंपानें जिल्हा पाहिला नाहीं. पण मदत जिल्ह्याच्या यादीप्रमाणें यावयाची असते, कोणाचें घर कोणत्या यादींत हें कोणी तरी लिहावयाचें असतें, आणि तें लिहिणारा मनुष्य जवळ असला तर काम लवकर होतें. त्या दिवसांत आम्हां शिक्षकांस याद्या करण्याच्या कामीं लावलें होतें. रेघेचा उपयोग काय, तें मला तेथें समजलें. रेघ ही सत्तेची कड नव्हे. ती जबाबदारीची कड आहे. तिच्या आंतल्या प्रत्येक माणसाचें नांव कोणाला तरी ठाऊक असावयास पाहिजे.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येतों. आपली नदी कोणती? घाटावरच्या जिल्ह्यास हा प्रश्न कवितेचा नाहीं, पोटाचा आहे. पाऊस बेताचा, तोही लहरी. १९७२ चा दुष्काळ मीं लहानपणीं पाहिला. मोठ्या नदीचा कांठ जिल्ह्याच्या मध्यास कोठेंच नाहीं. नद्या येथें जन्मतात वा हद्दीवरून जातात, आणि मोठ्या होतात त्या दुसऱ्याच्या अंगणांत. मांजरेवर निजामानें १९३१ सालीं पुरें केलेलें निजामसागर धरण खालीं तेलंगणांत झालें; हैदराबाद शहरानेंही पुढें मांजरेचेंच पाणी प्यालें. तेरणेवर माकणीस, सीनेवर कोळेगांवास, मांजरेवर धनेगांवास आपल्याकडे धरणें झालीं, तीं फार मागाहून. शिवाय सरकारी हिशेबांत कृष्णेचें पाणी वेगळ्या लवादानें वांटलेलें, गोदावरीचें वेगळ्या. आणि आमचा जिल्हा दोन्हीं खोऱ्यांत पाय ठेवून उभा. उजनीच्या जलाशयाचें पाणी उपसून घाटावर आणावें, या कृष्णा-मराठवाडा योजनेकडे लोक इतकीं वर्षें डोळे लावून बसले आहेत, त्याचें मूळ या भूगोलांत आहे.

एप्रिल २०१६ मध्यें धनेगांवचें धरण कोरडें पडलें आणि लातूर शहरास पिण्यास पाणी उरलें नाहीं. तेव्हां मिरजेहून कृष्णेचें पाणी टाक्यांत भरून आगगाडीनें लातुरास नेण्यांत आलें. पहिल्या खेपेस दहा टाक्या होत्या, आणि त्यांत सुमारें पांच लक्ष लिटर पाणी. ती गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी, कॅलथ्रॉपच्या जुन्या वाटेनेंच, घाट चढून आली. मी तिच्यापैकीं एक गाडी धाराशिवच्या स्टेशनावर पाहिली. फलाटावर माणसें गप्प उभीं होतीं. शेजारीं एक म्हातारी होती. तिच्या हातांत रिकामी घागर. ती मला म्हणाली, "मास्तर, आपल्याकडं थांबायची न्हाय व्हय?" मीं मान हलविली. ज्या पाण्यास डोंगरानें लक्षावधि वर्षें गोदावरीच्या खोऱ्यांत येऊं दिलें नाहीं, तें त्या दिवशीं माणसांनीं घाट चढवून नेलें होतें. आणि ज्या लातुरास आम्हीं १९८२ सालीं रेघेपलीकडे केलें, तें त्या पाण्याची वाट पाहत होतें. म्हातारी घागर कमरेस लावून निघून गेली. तिच्या गावाला टँकर येई तो कोणत्या जिल्ह्याचा, हें तिनें कधीं विचारलें नसेल. तो केव्हां येईल, एवढेंच विचारलें असेल.

२०२३ सालीं जिल्ह्याचें नांव पुन्हां धाराशिव झालें. नळदुर्ग, उस्मानाबाद, धाराशिव अशीं नांवें झालीं, ठाणें हललें, तालुके आले आणि गेले, चार राज्यें पाहिलीं. २०१८ सालीं केंद्र सरकारनें देशांतील मागास म्हणून विशेष लक्ष देण्यासाठीं जे जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रांतले चार होते, व त्यांतला एक हा होता. त्या यादींतून बाहेर यावयाचें, तर नांवापेक्षां अंतराकडे आणि पाण्याकडे अधिक पाहावें लागेल. शेतकऱ्याच्या उंबऱ्यापासून कागद किती लांब, रोग्यापासून दवाखाना किती लांब, घागरीपासून पाणी किती लांब. जिल्ह्याचा कारभार मोजण्याचीं मापें मला तरी हींच ठाऊक आहेत. फ्रेंचांचें घोड्याच्या एका दिवसाचें माप जुनें झालें असेल. त्यामागचा विचार जुना झालेला नाहीं.

तो मुलगा आतां चाळिशीच्या पुढें गेला असेल. त्यानें आज मला पुन्हां विचारलें, तर मी सांगेन : बाळ, मांजरा आपली, तेरणा आपली, सीना आणि बोरीही आपलीच. आपण माथ्यावर राहतों. माथ्यावरच्या माणसानें पाणी अडवावें, आपल्यापुरतें घ्यावें, आणि खालच्यांची वांटणी लक्षांत ठेवावी. नकाशाची रेघ उद्यां पुन्हां कोणी वळवील. बालाघाट आहे तेथेंच राहणार आहे, आणि पाऊस त्याच्या दोन्ही अंगांस पडत राहणार आहे.